दुसरे टोले

सप्टेंबरातला शेवटचा शनिवार होता. सकाळी ब्रेडला लोणी लावता लावता सोलांजनं मला अट घातली.

“आज दिवसभर मान वर करायची नाही. एकाही मनोऱ्याकडे बघायचं नाही. चौतीस वर्षं घंटांची तोंडं बघितलीस, आज बायकोचं बघ.”

“आणि घंटा वाजली तर?”

“वाजू दे. तू रिटायर झालास, म्हाताऱ्या. आता ती तुझी कोणी लागत नाही.”

आणि ती हसली. हे मुद्दाम सांगतोय. आमची मुलगी क्लारिस गेली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत सोलांज किती वेळा हसली ते मी बोटांवर मोजून सांगू शकतो.

चर्चच्या मनोऱ्यांमधली घड्याळं आणि घंटा दुरुस्त करणं हे माझं काम होतं. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक मनोऱ्यांचे जिने मी चढलेलो आहे. तेल द्यायचं, झिजलेल्या तारा बदलायच्या, कबुतरांची घाण खरवडायची, हातोडा घंटेवर नीट पडतो की नाही ते पाहायचं. गूढ असं त्यात काहीही नसतं. घंटा म्हणजे दोन-तीनशे किलो कासं, आणि तिच्यावर पडणारा हातोडा हलवणारी एक साधी मोटर. अंधाऱ्या जिन्यांची, वटवाघळांची, वाऱ्यानं कण्हणाऱ्या लाकडाची मला कधी भीती वाटलेली नाही.

सहलीची कल्पना सोलांजची. नकाशावर तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली होती. फिझाकहून निघायचं, सेले नदीच्या कडेकडेनं मार्झाक, मग वर पठारावर कुझूल, तिथं जेवण, आणि दिवेलागणीच्या आत घरी. लहान, शांत, देखणी गावं. “जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही,” ती म्हणाली. तिचं मला कळलं. फिझाकमध्ये पाववाली असो की औषधवाला, आम्हाला पाहिलं की अजूनही आवाज खाली आणतात.

मार्झाकला पावणेअकराला पोचलो. नदीवरचं धुकं नुकतंच वर सरकत होतं. मधाच्या रंगाचे दगड, निळ्या रंगाचे पोपडे उडालेली खिडक्यांची दारं, भिंतींना टेकून वाळलेली हॉलिहॉकची उंच फुलझाडं. कपडे धुवायच्या जुन्या टाक्यात हिरवं पाणी स्थिर होतं. सोलांज दारांचे फोटो काढत होती. बंद दारं तिला आवडतात. मी तिच्या मागे पिशवी धरून चालत होतो आणि इमानदारीनं मान खाली घातली होती.

अकरा वाजले.

आमच्याकडच्या गावांत तास दोनदा वाजतो. पहिल्यांदा टोले पडले की शेतातला माणूस कमरेतून सरळ होतो, दोन मिनिटांनी पुन्हा पडतात तेव्हा मोजतो. मी मान वर केली नाही, पण मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते अटीत नव्हतं.

दोन मिनिटं झाली. तीन झाली.

मोठ्या घंटेचा घुमार वीस-पंचवीस सेकंदांत विरतो. इथला विरत नव्हता. मघापासून कानावर पडणारं नदीचं पाणी त्याच्या आड गेलं होतं. समोरून एक म्हातारा काखेत लांब पाव धरून येत होता. तो रस्त्याच्या मधोमध थांबला होता, एक पाऊल पुढे टाकलेलं, टाच जमिनीला लागलेली, चवडा वर.

चार मिनिटांनी दुसरे अकरा टोले पडले. म्हाताऱ्यानं चवडा टेकला आणि आमच्या बाजूनं “बोंजूर” म्हणत निघून गेला. पाणी पुन्हा वाजायला लागलं.

“कुठली तरी तार झिजलेय,” मी म्हणालो.

“घड्याळात बघणं ही चीटिंग आहे,” सोलांज म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. एका बंद दाराकडे बघत होती, कॅमेरा खाली सोडून, कोणीतरी आतून कडी काढण्याची वाट बघावी तशी.

कुझूल पठारावर आहे. वर गेलं की झाडं खुजी होतात, जमीन पांढरट, दगडाचे गडगे मैलोन् मैल. चौकात सहा टेबलांची एक खानावळ होती. मालकीणबाई, मादाम देलपेश, दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“दोघंच? या, खिडकीपाशी बसा. आधी ऊन खाणार की बदक?”

“दोन्ही,” सोलांज म्हणाली.

“अशी माणसं मला आवडतात. मस्यो, तुमच्या बायकोला भूक आहे, तुम्ही का असे परीक्षेला बसल्यासारखे?”

शेजारच्या टेबलावर तीन शेतकरी होते. त्यातला लाल मानेचा एक जण कुठल्याशा शेजाऱ्याच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. मादाम देलपेश लसणाचं सूप वाढत फिरत होत्या. आमच्या ताटल्या भरल्या, आणि बाराचे टोले सुरू झाले.

शेवटचा टोला पडला आणि खानावळीतलं बोलणं थांबलं.

हळूहळू नाही. सुरीनं कापल्यासारखं. मादाम देलपेश हातात डाव धरून उभ्या. लाल मानेच्या माणसाचा चमचा तोंडापासून चार बोटांवर. सगळ्यांच्या नजरा आपापल्या ताटलीत. त्याच्या चमच्याखाली सुपाचा एक थेंब लोंबत होता. मी त्या थेंबाकडे बघत राहिलो, कारण तो पडत नव्हता.

“काय झालंय?” मी विचारलं. स्वतःचाच आवाज मला कापसात गुंडाळल्यासारखा ऐकू आला. कोणी मान उचलली नाही.

सोलांज छताकडे बघत होती. तिची नजर एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर जात होती. सावकाश. वरती कोणी चालत असेल तर त्याच्या मागोमाग जावी तशी.

अकरा मिनिटं. मी घड्याळात पाहिली.

मग दुसरे बारा टोले पडले. थेंब सुपात पडला. “म्हणून मी त्याला सांगितलं,” लाल मानेचा माणूस म्हणाला, “कुत्रा तुझा, तर खड्डाही तूच खण!” आणि तिघं खदाखदा हसले.

मादाम देलपेश जवळून जाताना मी त्यांना थांबवलं. “तुमच्या घंटेचे दुसरे टोले फार उशिरा पडतात. मध्ये अकरा मिनिटं गेली.”

“अकरा मिनिटांत माझं सूप गार होतं, मस्यो. झालंय का गार?”

मी ताटलीकडे पाहिलं. वाफ निघत होती. चमचा लावला तर जीभ भाजली.

“वर कोण राहतं?” सोलांजनं विचारलं.

“वर? वर कोणी नाही, मादाम. गेल्या साली वाळवलेले अक्रोड पडलेत.”

“पावलं वाजत होती.”

मादाम देलपेशनी खांद्यावरचा फडका काढला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडला. “लाकूड आहे. वाजतं,” त्या म्हणाल्या, आणि सोलांजकडे न बघता आत गेल्या.

लाल मानेचा माणूस आमच्याकडे वळला. “पुढं कुठं?”

“परत घरी,” मी म्हणालो.

“पुढं अजून एखादं गाव आहे का?” सोलांजनं विचारलं.

“आहे की. लाकोंब. सहा किलोमीटर. पण सवडीनं जा हं, तिथल्या घंटेला घाई आवडत नाही.” तो स्वतःच हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

“मार्सो, मुकाट्यानं जेव,” आतून मादाम देलपेश म्हणाल्या.

जेवणाची चव मला लागली नाही. लाकोंब हे नाव सहा वर्षांत माझ्यासमोर कोणी उच्चारलं नव्हतं.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे.

क्लारिस एकोणीस वर्षांची होती, काओरला शिकत होती. मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी तिची बस चुकली. तिनं मला फोन केला. मी उचलला नाही. मग ती वर्गातल्या एका मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसली, आणि नदीकाठच्या वळणावर समोरून ट्रक आला. मी सोलांजला सांगितलं, की मी खालच्या दरीत एका गावी कामावर होतो आणि तिथं फोनला रेंज नव्हती. पोलिसांनाही तेच सांगितलं. कोणी शंका घेतली नाही. आमच्याकडे दरीत रेंज नसतेच.

मी दरीत नव्हतो. लाकोंबच्या मनोऱ्यात होतो. लाकोंब टेकाडावर आहे. सुट्टीपुरतं घर घेतलेल्या कोणा शहरी माणसांनी तक्रार केली होती, एकच तास दोनदा कशाला, झोपमोड होते. मेयरनं आम्हाला दुसरे टोले बंद करायला सांगितलं होतं. चारचे पहिले टोले पडून गेले होते. माझ्या पक्कडीत तार होती. खिशात फोन वाजला. मी काढून पाहिला, पडद्यावर तिचं नाव होतं. मनात म्हटलं, एवढं करून घेतो, मग करतो. फोन परत खिशात टाकला आणि तार तोडली.

फोन वाजायचा थांबला. दुसरे टोले पडले नाहीत.

गाडीत बसल्यावर सोलांजनं पट्टा लावला. मग म्हणाली, “ती क्लारिसची पावलं होती.”

“लाकूड तापलं की तडकतं, सोलांज.”

“आईला पाऊल कळतं.” ती समोरच्या काचेतून बघत होती. “मला लाकोंबला जायचंय.”

मला नाही म्हणता आलं असतं. पेट्रोल, गुडघा, ढग, काहीही सांगता आलं असतं. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला प्रत्येक नव्या सबबीत जुनी सबब दिसते. मी गाडी सुरू केली.

कुझूलच्या वेशीबाहेर तिनं गाडी थांबवायला लावली. गडग्यावर बसून राहिली, फोटो न काढता. लाकोंबला पोचेपर्यंत साडेतीन होऊन गेले.

आठ घरं, अक्रोडाची झाडं, मधोमध चर्च. सगळ्या खिडक्या बंद होत्या. सुट्टीवाल्यांचं घरही बंद होतं, त्याच्या दारावर ‘विकणे आहे’ची पाटी उन्हानं पांढरी पडली होती. वारा नव्हता. चर्चच्या मागून एक पाणंद खाली अक्रोडांच्या राईकडे जात होती, दोन्ही बाजूंना छातीएवढे गडगे.

चर्चसमोरच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर फळी, हातात लाकडी मोगरी, आणि ती अक्रोड फोडत होती. टक. टक. तिचं नाव लेओंतीन. मागे आलो होतो तेव्हा मनोऱ्याची किल्ली तिनंच दिली होती. मी मान वळवून पुढे जायला पाहिलं.

“घंटावाला ना तू?” ती म्हणाली.

सोलांज थांबली.

“कोणाशी तरी गल्लत होतेय, आजी,” मी म्हणालो.

“डोळे गेलेत माझे, कान आणि डोकं नाही. दुसरे टोले तूच काढून नेलेस.” टक. “पूर्वी दुसरे टोले कानांवर पडल्याशिवाय आम्ही जागचं हलत नव्हतो. आता पडतच नाहीत. मग काय करायचं माणसानं? मी आपली इथंच बसते.”

“हा कधी आला होता?” सोलांजनं विचारलं.

“सहा वर्षं झाली. मार्चात. बदामाला बहर होता. आठवडी बाजाराचा दिवस, म्हणजे मंगळवार.”

सोलांज माझ्याकडे वळली नाही. तिनं पिशवीतून आपला फोन काढला, समोर धरला. पडद्यावर रेंजच्या सगळ्या रेघा उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही. लेओंतीन अक्रोड फोडत होती.

“वाजला होता?” सोलांजनं विचारलं.

“हो.”

“नाव दिसलं होतं तिचं?”

“हो.”

तिनं फोन पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लावली. मी बोलायला लागलो, तारेचं, पक्कडीचं, एका मिनिटाचं. ती ऐकत होती की नाही कळेना. तिचा चेहरा मी याआधी एकदाच असा पाहिला होता, इस्पितळाच्या तळघरात, चादर दूर केली तेव्हा.

चार वाजले.

चार टोले. मग घुमार. माझ्या दातांत, बरगड्यांत बसला आणि तिथंच राहिला. लेओंतीनची मोगरी खाली आली नाही. तिनं ती हळूच फळीवर ठेवली आणि दोन्ही तळवे कानांवर दाबले.

मग पाणंदीतून हाक आली.

“मामाँ?”

मीही ऐकली. मी शपथेवर सांगतो, मीही ऐकली. क्लारिसचाच आवाज. शेवट जरा वर उचललेला, दार उघडून घरात आल्यावर ती आईला हाक मारायची तसा.

सोलांज निघाली. मी तिचं मनगट धरलं.

“जाऊ नको. ते काय आहे आपल्याला माहीत नाही.”

तिनं माझी बोटं सोडवली. एकेक करून.

“एक हाक तू माझ्यापासून सहा वर्षं लपवलीस, रेजिस,” ती म्हणाली. “ही मला ऐकू दे.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ती पाणंदीत शिरली. पहिल्या वळणावर गडग्याच्या आडून कोणीतरी पुढे आलं. मला पाठ दिसली. बारीक अंगाची, खांद्यापर्यंत केस. तिनं सोलांजचा हात धरला. दोघी चालू लागल्या.

मी धावलो. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, पण आयुष्यभर जिने चढलोय, माझा दम चांगला आहे. पावलं पडत होती, गडग्याचे दगड मागे जात होते, आणि त्या दोघी होत्या तेवढ्याच अंतरावर होत्या. सावकाश चालत होत्या. शंभर पावलं मी मोजली. मागे पाहिलं तर चर्चचं दार माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं.

तेव्हा मला एकच गोष्ट सुचली. मार्झाकला दुसरे टोले पडले तेव्हा म्हातारा चालायला लागला. कुझूलला थेंब पडला. इथं दुसरे टोले नव्हते. ते मी काढले होते.

मनोऱ्याच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी.

बासष्ट पायऱ्या. गोल जिना, अंधार, धूळ. माझ्या मागे आणखी एक पावलांचा आवाज येत होता. गोल जिन्यात प्रतिध्वनी असतो. तो नेहमीच असतो. मी थांबलो नाही.

वर घंटा होती तिथंच होती. मी तोडलेल्या तारेचं टोक, त्यावर मी गुंडाळलेली निळी पट्टी. घंटा हाताला अजून थरथरत लागत होती. झरोक्यातून खाली पाणंद दिसत होती. दोघी राईपासून तीसेक पावलांवर आल्या होत्या. राईत ऊन पोचत नव्हतं.

हातोड्याचा दांडा मी दोन्ही हातांनी उचलला आणि सोडला.

एक.

सोलांजच्या बाजूची ती अडखळली.

दोन.

ती एक पाऊल मागे पडली. तिनं हात सोडला नव्हता.

तीन.

सोलांज वळली. तिनं वर पाहिलं, थेट माझ्याकडे. आणि मान हलवली. नको.

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एवढ्या अंतरावरून डोळे दिसत नाहीत हे मला माहीत आहे. मला दिसले. ती माझ्याकडे भीक मागत होती.

मी चौथ्यांदा दांडा उचलला.

हा टोला पडला तर मुलगी पुन्हा जाईल. पुन्हा माझ्याच हातानं. एकदा तिला मी ‘मग करतो’ म्हटलं होतं. सोलांज परत येईल, आणि आम्ही दोघं फिझाकच्या त्या घरात समोरासमोर बसून ब्रेडला लोणी लावू, आणि तिला माहीत असेल.

हात वर होता. उजव्या कोपराखाली थंडगार लागलं. झरोक्यातला वारा असावा. दांडा मला जड वाटेनासा झाला होता, उलट आपणहून वर जात होता. चौतीस वर्षांची सवय आहे, हाताला काम पुरं करायचंय, असं मला वाटलं. मला तो खाली आणायला जोर लावावा लागला.

मी दांडा अलगद खाली ठेवला.

सोलांजनं मान वळवली. त्या दोघी राईत गेल्या. सोलांजचं निळं स्वेटर थोडा वेळ दिसलं, मग दिसेनासं झालं.

कोपराखालचं थंड तसंच होतं. मग तेही गेलं.

मी खाली आलो तेव्हा लेओंतीननं कानांवरचे हात काढले होते. ती माझ्याकडे वळली. “तीनच?” तिनं विचारलं. तिनं फळी उचलली, पदराएवढ्या एप्रनमधली टरफलं झटकली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

राई मी शेवटच्या झाडापर्यंत धुंडाळली. पलीकडे नांगरलेलं शेत होतं. त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पोलिसांना मी सगळं सांगितलं. पाणंद, हाक, ती दुसरी बाई. तारेचं आणि फोनचंही सांगितलं. लिहून घेणारा अधिकारी, बेसिएर नावाचा शांत माणूस, मध्ये एकदाही हसला नाही. नवराबायकोत भांडण झालं, बाई रागानं निघून गेली, असं त्यानं धरलं असणार. कुत्री आणली. ती राईच्या तोंडाशी आली आणि खाली बसली. ओढली तरी उठेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिएरनं मला पुन्हा लाकोंबला बोलावलं. तो मनोऱ्याच्या दाराशी उभा होता, हातात टॉर्च.

“काल वर तुम्ही एकटेच गेला होतात म्हणालात.”

“हो.”

“तुमच्या आधी कोणी?”

“सहा वर्षांत कोणी आलं नसावं. धूळ बघा ना.”

“तीच बघतोय,” तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्या पायरीवर उजेड टाकला.

माझ्या बुटांचे ठसे स्पष्ट होते, वर जाणारे आणि खाली येणारे. त्यांच्या शेजारी, भिंतीच्या बाजूनं, दुसरे होते. अरुंद, लहान. वर जाणारे. आम्ही ते बघत बघत बासष्ट पायऱ्या चढलो. एकही ठसा खाली येणारा नव्हता.

“तुमच्या मादामचे?”

“नाही. सोलांजचा पाय मोठा आहे.”

“मग कोणाचे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

प्रत्येक ठशात डाव्या पायाचा चवडा किंचित आत वळलेला होता. क्लारिस दोन वर्षांची असताना त्यासाठी आम्ही तिला वर्षभर खास बूट घातले होते. डॉक्टर म्हणाले, झाला सरळ. तो कधी पुरता सरळ झाला नाही.

वर घंटेपाशी तो माग संपत होता, माझे पाय होते तिथं, उजव्या हाताला, अगदी खेटून. तोंड माझ्याकडे, पाठ पाणंदीकडे. त्या शेवटच्या दोन ठशांना टाचा नव्हत्या, नुसते चवडे होते, धुळीत खोल रुतलेले. टोला पडावा म्हणून आपल्याहून उंच माणसाचा हात खालून वर रेटायचा असला की माणूस उभं राहतं तसे.